वाळवंटात गाडी थांबली तर: सामान भरायचं ते वाट बघण्यासाठी

वाळवंटात पहिल्यांदाच गाडी घालणारा माणूस आधी यादी मागतो. फावडं कुठलं घेऊ, दोर किती टनांचा हवा, छतावर कॅरिअर लावू का? हे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांच्या आधी एक प्रश्न येतो. गाडी बंद पडली तर मदत माझ्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागेल? तेवढा वेळ जिवंत, शुद्धीवर आणि शोधणाऱ्याला दिसेल अशा जागी राहायला जे लागतं, ते आपत्कालीन सामान. म्हणून फावड्याच्या आधी कागद-पेन घ्या.

आधी दिवस मोजा

समजा, शुक्रवारी सकाळी निघालात आणि घरी सांगून ठेवलंत की रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवा. शुक्रवारी दुपारीच गाडीचा ॲक्सल तुटला. आता रविवारी रात्रीपर्यंत कुणाला काळजी वाटायचं कारणच नाही. सोमवारी शोध सुरू होईल आणि तुम्ही ठरल्या वाटेवरच असाल तर सोमवारी संध्याकाळी किंवा मंगळवारी सापडाल. म्हणजे तीन दिवसांच्या सहलीसाठी सामान पाच दिवसांचं लागलं. हाच हिशेब तुमच्या प्रवासाचे वार आणि तारखा घालून करा. जो आकडा येईल त्यावर पाणी, औषधं, अन्न सगळं ठरतं.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं साधन जवळ असेल तर हा आकडा कमी होऊ शकतो. तरी पाण्याचा हिशेब साधन नाही असं धरूनच करा. साधन पडतं, भिजतं, त्याची बॅटरी उतरते.

वाटेचा कागद घरी ठेवणं हीसुद्धा सामान भरण्याचीच पायरी आहे, किंबहुना सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची. त्यावर गाडीचा रंग आणि नंबर, माणसं किती, कुठून शिरणार, कुठे मुक्काम, कुठून बाहेर पडणार आणि किती वाजता कुणाला फोन करायचा हे लिहा. वाट बदलली तर नेटवर्क असेपर्यंत कळवा. १९९६ च्या जुलैमध्ये चार जर्मन पर्यटक, त्यांत दोन लहान मुलं, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत भाड्याची साधी व्हॅन घेऊन शिरले. त्यांची वाट कुणालाच ठाऊक नव्हती. ती व्हॅन ऑक्टोबरमध्ये अँव्हिल कॅनियन नावाच्या दरीत सापडली, टायर बसलेल्या अवस्थेत. त्यातल्या मोठ्या माणसांचे अवशेष सापडायला २००९ साल उजाडलं, तेही गाडीपासून कित्येक मैल दूर. हे वाचलं की अजूनही पोटात खड्डा पडतो. पुढचं सगळं सामान गाडीजवळ थांबता यावं यासाठी आहे. गाडी आकाशातून दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

पाणी

उन्हाळी वाळवंटात मी माणशी रोज ६ लिटर धरतो, थंडीच्या मोसमात ४ लिटर. हे फक्त पिण्याचं. तीन माणसं, चार दिवस, रोज ६ लिटर म्हणजे ७२ लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे गाडीत आणखी एक धडधाकट माणूस बसला असं समजा. हे वजन ऐकून नवखे लोक पाणी कमी करतात आणि खुर्च्या, शेगडी, बर्फाची पेटी तशीच ठेवतात. उलटं करा. रेडिएटरसाठी ५ ते १० लिटर वेगळं ठेवा. गाडीतून निथळलेलं कूलंट माणसाने कधीही प्यायचं नाही. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शरीरशास्त्रज्ञ एडवर्ड अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर पाण्याचा अभ्यास केला. सैन्यात तेव्हा समज होता की कमी पाण्याची सवय लावून घेता येते. तशी सवय लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. पाणी तोडून प्यायल्याने घाम कमी होत नाही, माणूस फक्त लवकर खचतो. त्यांच्या अंदाजाप्रमाणे सावलीतलं कमाल तापमान ४९ अंश सेल्सिअस असेल आणि माणूस पाण्याविना सावलीत नुसता बसून राहिला, तर दोनेक दिवस तग धरतो. ३८ अंशांना पाचेक दिवस. पण रात्री चालून दिवसा विसावा घेतला तरी हे आकडे सुमारे एक आणि तीन दिवसांवर येतात. पाण्याची बचत गळ्यात होत नाही, घामात होते. दिवसा हालचाल बंद, अंगभर सैल कपडे, सावली, आणि तहान लागेल तसं पाणी. तहान नेहमी उशिरा लागते हेही त्यांच्याच अभ्यासात दिसलं, म्हणून एकमेकांना आठवण करत राहा. लघवी गडद पिवळी झाली की कमी पडतंय असं समजा.

आता भांडी. सगळं पाणी एका टाकीत कधीच ठेवू नका. २० लिटरचा कॅन हाताळायला जड असला तरी चालतो, मात्र निम्मं पाणी ५ आणि १० लिटरच्या कॅनमध्ये असू द्या. माझा एक २० लिटरचा कॅन दिवसभराच्या हादऱ्यांत सीटच्या बोल्टला घासून तळाशी चिरला होता. संध्याकाळी डिकी उघडली तेव्हा गालिचा ओला आणि कॅन हलका. त्या दिवसापासून प्रत्येक कॅनखाली रबरी चटई असते आणि रोज सकाळी मी कॅन उचलून वजन बघतो. पातळ दुकानी बाटल्या रोजच्या वापराला ठीक, राखीव साठ्याला नाहीत.

भांड्यावर जीव अवलंबून असतो हे वाळवंटातल्या युद्धात फार आधी दिसून आलं होतं. १९३७ च्या सुमारास जर्मनांनी २० लिटरचा दाबपत्र्याचा कॅन बनवला, वर तीन मुठी आणि खटक्याचं झाकण असलेला. उत्तर आफ्रिकेत ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळायचे, म्हणून ते शत्रूचे कॅन मिळतील तिथून उचलायचे. जर्मनांना ते ‘जेरी’ म्हणत, त्यावरून नाव पडलं जेरीकॅन. आजही इंधनाला तोच आकार वापरतात. पाण्याचा आणि इंधनाचा कॅन मात्र रंगाने आणि आकाराने इतका वेगळा ठेवा की अंधारात चाचपूनही कळावा.

घामातून मीठही जातं. तासन्‌तास घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होतो. ओआरएसची पाकिटं माणशी रोज दोन या हिशेबाने ठेवा. पाकिटं संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, आणि मीठ जास्त नको.

वाळूत खड्डा खणून प्लॅस्टिक अंथरून पाणी मिळवण्याची युक्ती ऐकली असेल. खणताना जो घाम जातो तो त्या खड्ड्यातून दिवसभरात परत मिळत नाही. प्लॅस्टिक न्या, ते सावलीला उपयोगी पडेल.

सावली, आणि रात्रीची थंडी

बंद गाडी उन्हात भट्टी होते, त्यामुळे थांबायचं ते गाडीच्या बाहेर, तिच्या सावलीत. त्यासाठी दोन ताडपत्र्या, दोऱ्या, आणि वाळूत धरणारे रुंद खुंटे. खुंटे नसतील तर रिकाम्या पिशव्यांत वाळू भरून पुरा, ते चांगलं धरतं. ताडपत्र्या एकीवर एक, मध्ये वीतभर जागा सोडून ताणल्या की खालची बरीच थंड राहते. हवा ४५ अंश असताना वाळूचा पृष्ठभाग ७० अंशांच्या आसपास जातो, तेव्हा जमिनीवर टेकू नका. गाडीची सीट काढून बाहेर ठेवा, किंवा वरची तापलेली वाळू बाजूला सारून त्यावर जाड चटई टाका.

कोरड्या हवेत उष्णता टिकत नाही, त्यामुळे सूर्य मावळला की पारा झरझर उतरतो. हिवाळ्यात पाणी गोठण्याइतकी थंडी पडते. माणशी एक उबदार अंथरूण, टोपी आणि लोकरी मोजे लागतातच. चंदेरी पातळ ब्लँकेट वजनाला काही नाही. रात्री ऊब देतं आणि दिवसा चकाकून लक्ष वेधतं.

कोरड्या ओढ्याच्या पात्रात मात्र मुक्काम करू नका. पाऊस कित्येक किलोमीटर लांब पडतो आणि लोंढा इथे येतो.

आपण कुठे आहोत हे कळवायचं कसं

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. न्यावा जरूर, नकाशे आधी उतरवून ठेवावेत, नेटवर्क नसेल तिथे एअरप्लेन मोडवर ठेवावा. कॉल लागत नाही तिथे कधी कधी एसएमएस जातो, म्हणून दोन ओळींचा मजकूर आणि अक्षांश-रेखांश तयार ठेवा. काही नवे फोन उपग्रहावरून आणीबाणीचा संदेश पाठवतात, पण ही सोय काही देशांतच चालते.

खरा आधार दोन साधनांचा. एक, पर्सनल लोकेटर बीकन. बटण दाबलं की ते ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रह यंत्रणेला हाक देतं. याच यंत्रणेमुळे १९८२ मध्ये पहिली सुटका झाली. त्याला मासिक शुल्क नसतं, बॅटरी वर्षानुवर्षं टिकते आणि चालू केल्यावर किमान २४ तास संकेत जातो. पण ते तुमच्या नावावर नोंदवलेलं हवं, नाहीतर शोधणाऱ्यांना हाक कुणाची ते कळत नाही. बॅटरीवरची तारीखही बघून घ्या. दुसरं, सॅटेलाइट मेसेंजर. त्यावरून लिहून बोलता येतं, ‘जीव सुखरूप आहे, फक्त टायर हवाय’ हे सांगता येतं. त्याचा प्लॅन चालू आहे ना, ते निघायच्या आदल्या दिवशी एक संदेश पाठवून बघा. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर मी नवख्याला बीकन घ्यायला सांगेन. सॅटेलाइट फोनच्या बाबतीत आधी त्या देशाचा कायदा बघा. कित्येक ठिकाणी परवान्याविना तो बाळगणं गुन्हा आहे. आणि ही साधनं डॅशबोर्डवर नाही, कमरेला. गाडी पेटली किंवा उलटली तर डॅशबोर्ड हाताशी राहीलच असं नाही.

आरसा हलका आहे म्हणून त्याला कमी लेखू नका. हातभर लांब दोन बोटांची खाच करून विमान किंवा लांबची गाडी त्या खाचेत धरा. आरशाचा कवडसा आधी बोटांवर आणा आणि मग हळूहळू हलवत राहा. चांगल्या उन्हात तो दहा-वीस किलोमीटरवरूनही दिसतो. शिट्टी, जोरदार बॅटरी आणि एक भडक नारिंगी कापड सोबत घ्या. कुठलीही खूण तीनदा केली की ती संकटाची मानतात, मग शिट्टी असो, दिवा असो वा शेकोटी. दिवसा काळा धूर हवा असेल तर स्टेपनीचं रबर आणि जुनं ऑइल कामी येतं. टायर पेटवण्याआधी त्याची व्हॉल्व्ह पिन काढून हवा पूर्ण सोडा, नाहीतर तो फुटतो. जाळायची जागा गाडीपासून लांब, वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला.

गाडी वाळूतून काढायला

यातलं सगळ्यात मोलाचं साधन खिशात मावतं. ते म्हणजे टायरच्या हवेचा गेज. रस्त्यावर ३२ ते ३६ पीएसआय असणारी हवा मऊ वाळूत १६ ते २० वर आणा, टायर लांबट पसरतो आणि गाडी तरंगू लागते. फसण्याआधी हवा काढा, फसल्यावर नव्हे. इतक्या कमी हवेवर वेग कमी ठेवा, जोरात वळण घेतलं तर टायर रिमवरून निसटतो. पुन्हा हवा भरायला १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर लागतो, आणि तो इंजिन चालू ठेवूनच चालवायचा. पंक्चर किट, जादा व्हॉल्व्ह पिन आणि शक्य असेल तर दोन स्टेपन्या.

मग लांब दांड्याचं फावडं. घडीचं छोटं फावडं गाडीखाली पोहोचत नाही आणि कंबर मोडतं. चाकाखाली सारायच्या दोन फळ्या, ज्यांना ट्रॅक्शन बोर्ड म्हणतात, त्याही घ्या. ही कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश अधिकारी १९२० च्या दशकाच्या शेवटी लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन फिरला. पहिल्या महायुद्धात खंदकांच्या छपरासाठी बनवलेल्या पोलादी पट्ट्या त्याने कैरोच्या भंगारातून आणल्या आणि चाकांखाली घातल्या. टायरची हवाही तो कमी करत असे, आणि रेडिएटरची वाफ नळीने डब्यात आणून तिचं पुन्हा पाणी करत असे. जॅकखाली ठेवायला हातभर लांबी-रुंदीची जाड प्लायवुडची फळी विसरू नका, नाहीतर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच वाळूत जातो.

दोराबद्दल मी थोडा जास्त बोलणार, कारण इथे माणसं मरतात. टोचन करायचा साधा पट्टा वेगळा आणि ताणला जाणारा नायलॉनचा स्नॅच स्ट्रॅप वेगळा. स्नॅच स्ट्रॅप ताणून ताकद साठवतो आणि फसलेली गाडी उपटून काढतो. ती सगळी ताकद एका क्षणी सुटते. म्हणून तो गाडीच्या चेसिसला, म्हणजे सांगाड्याला, पक्क्या जोडलेल्या, भार लिहिलेल्या जागेलाच लावायचा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही लावू नका. तो तुटला तर तोफगोळ्यासारखा मागची काच फोडून आत येतो. शॅकल, म्हणजे पट्टा गाडीला अडकवायची कडी, तिच्यावर भार कोरलेला असेल तरच घ्या. पट्ट्याच्या मधोमध जड ब्लँकेट टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर, बाजूला पाठवा. एकटी गाडी असेल तर पट्टा ओढायला कुणी नाही. तेव्हा फावडं, फळ्या आणि कमी हवा एवढंच आपलं. तेही संध्याकाळी किंवा पहाटे. दुपारी दोन वाजता एक तास खणण्यात लिटरभर पाणी सहज घामावाटे जातं.

दुरुस्ती आणि इंधन

फॅन बेल्ट, रेडिएटरचे होज आणि त्यांच्या क्लिपा, फ्यूज, इंजिन ऑइल, कूलंट, इंधन आणि हवेचा एकेक फिल्टर, तार, चिकटपट्टी, एपॉक्सी, जंप स्टार्टर. पाने तुमच्या गाडीच्या नटांना बसतात का, ते घरी बसवून बघा. मऊ वाळूत गाडी रस्त्यापेक्षा दीडपट किंवा त्याहून जास्त इंधन पिते. हिशेबाच्या वर एक तृतीयांश राखीव ठेवा. कॅन गळ्यापर्यंत भरू नका, उन्हात इंधन फुगतं. भरताना कॅन जमिनीवर ठेवून भरा, गाडीत ठेवून भरलात तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

औषधं

रोजची औषधं दिवसांच्या दुप्पट. ड्रेसिंग, चिकटपट्टी, जंतुनाशक, चिमटा, डोळे धुवायचं सलाइन, ॲलर्जीची गोळी, भाजल्यावरचं मलम, सनस्क्रीन. गोळ्या गाडीत तापतात, त्या सीटखाली जाड कापडात गुंडाळून ठेवा.

साप चावला तर चिरा देणं, तोंडाने ओढणं, दोरी आवळणं यातलं काहीही करायचं नाही. माणसाला आडवं करून चावलेला अवयव काठी लावून स्थिर करा आणि बीकनचं बटण दाबा.

उष्माघात मात्र ओळखताच आला पाहिजे. माणूस बरळतो, चालताना अडखळतो, चिडतो, अंग तापलेलं असतं. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. अशा वेळी पाणी राखून ठेवू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासात जाईल.

अन्नाला मी शेवटी जागा देतो. चार दिवस कमी खाऊन निभतं. न शिजवता खाता येईल, वितळणार नाही आणि तहान वाढवणार नाही असं घ्या. पाणी कमी असेल तेव्हा खाणंही कमी करा, पचनालाही पाणी लागतं.

कुठलं सामान कुठे

यादी पुरी झाली तरी काम अर्धंच झालेलं असतं. कुठली वस्तू किती वेळात हाताला लागली पाहिजे, त्यावरून जागा ठरवा.

- दहा सेकंदांत: अग्निशामक, ड्रायव्हरच्या हातापाशी. गरम सायलेन्सरला सुकं गवत लागून गाड्या पेटतात, म्हणून मुक्कामाला खाली वाकून बघा. त्याच्याच शेजारी पळताना उचलायची पिशवी. तिच्यात दोन लिटर पाणी, आरसा, शिट्टी, बॅटरी, ओआरएस, औषधं, चंदेरी ब्लँकेट, टोपी.
- पाच मिनिटांत: ताडपत्री, प्रथमोपचार पेटी, पहिला पाण्याचा कॅन. डिकी उघडल्यावर वरच.
- अर्ध्या तासात: फावडं, फळ्या, कॉम्प्रेसर. फावडं बाहेर बांधलेलं बरं, कारण फसलेल्या गाडीचं मागचं दार कधी कधी वाळूत अडकतं.
- त्यानंतर: बाकी पाणी, सुटे भाग, अंथरूण.

जड सामान खाली आणि पुढे, मागच्या सीटच्या पाठीला टेकून. छतावर फक्त हलकं. छतावर पाणी नेलं की वाळूच्या उतारावर गाडी कलंडायला वेळ लागत नाही. प्रत्येक कॅन आणि पेटी फरशीतल्या कड्यांना पट्ट्याने आवळा. गाडी उलटली तर सुटा जॅक डोक्यात बसतो. इंधन शक्यतो बाहेर, पाणी आत. शेवटी भरलेली गाडी काट्यावर नेऊन वजन बघा आणि ते कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडा.

निघण्याच्या आठवडाभर आधी एकदा मोकळ्या मैदानात गाडी उभी करा आणि रात्री बॅटरीच्या उजेडात ताडपत्री ताणा, चाक बदला, हवा काढून पुन्हा भरा. घड्याळ लावा. जे सापडलं नाही त्याची जागा बदला. सोबतच्या माणसालाही बीकन चालवायला शिकवा, कारण बेशुद्ध पडणारे तुम्ही असू शकता.

परत आलात की पक्क्या रस्त्याला लागण्याआधी टायरची हवा भरा. आणि नेटवर्क मिळताच पहिला फोन वाटेचा कागद ज्याच्याकडे आहे त्याला करा.